घाटात इंजिनाला पुढे कोण ढकलतं?

‘जसं कर्म तसं फळ, हाच न्यूटनचा तिसरा नियम’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. न्यूटनने 1687 मध्ये छापलेल्या त्या नियमात पाप-पुण्य तर नाहीच, आधी-नंतरही नाही. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल एकाच क्षणी असतात. समान, विरुद्ध दिशेने आणि दोन वेगळ्या वस्तूंवर. यातलं ‘दोन वेगळ्या वस्तूंवर’ विसरलं की प्रश्न पडतो: बलं समान आणि विरुद्ध, तर काही हलतंच कसं?

मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलायला जादा इंजिनं, लागतात. पुढे इगतपुरीपर्यंत चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर चाललं की एक मीटर वर. इंजिन डब्यांना जितक्या जोराने ओढतं, तितक्याच जोराने डबे इंजिनाला मागे ओढतात. तरी गाडी चढते, कारण इंजिनावर आणखी एक बल आहे. मोटर चाक फिरवते, चाक रुळाला कसाऱ्याकडे रेटतं आणि रूळ इंजिनाला इगतपुरीकडे रेटतो. मोटर कितीही ताकदीची असो, इंजिनाला बाहेरून पुढे ढकलणारा रूळच.

रुळाच्या या रेट्याला मर्यादा आहे, घर्षणाची. कोरड्या पोलादावर तो चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. इंजिन 120 टनांचं धरलं, तर 30 ते 40 टन वजनाइतका. आता हजार टनांचे डबे आणि इंजिन मिळून 1120 टन. भागिले 37, म्हणजे नुसतं चढावर टिकायलाच 30 टन हवेत. वळणांचा रोध वेगळा, वेग घ्यायला लागणारं बल वेगळं. पावसात रूळ ओले झाले की पकड निम्म्यावर येऊ शकते. त्यातून चाक जागीच गरगरलं, तर स्थितिक (न घसरतानाचं) घर्षण सुटून गतिक (घसरतानाचं) घर्षण उरतं, तेही कमी. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. गरजेला चाकाखाली वाळू फवारतात.

बँकरमुळे रुळाला रेटणारी चाकं वाढतात. शिवाय ते मागून ढकलत असल्याने पुढच्या कपलिंगांवरचा, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यांवरचा, ताणही घटतो. 2019 मध्ये नाशिकमार्गे सुरू झालेल्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन जोडलं, आणि तिचं कसाऱ्याला बँकरसाठी थांबणं टळलं.