भोसले, रघूजी (पहिले)

(मृ. १४ फेब्रुवारी १७५५). नागपूरकर भोसले घराण्याच्या राज्याचा संस्थापक, छत्रपती शाहूंच्या दरबारातील सेनासाहेबसुभा (नेमून दिलेल्या मुलखाची वसुली व फौज सांभाळणारा मोठा सरदार) आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणातला मराठ्यांचा एक प्रमुख सेनानी. कर्नाटक, ओडिशा व बंगाल येथील मोहिमांमुळे त्याचे नाव मोठे झाले. त्याच्या सत्तेचा पाया मात्र यवतमाळ, वणी, दारव्हा, भंडारा या टापूतल्या खेड्यांच्या वसुलीवर उभा होता.

घराण्याच्या मूळ गावाबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हे लोक साताऱ्याकडील देऊर गावचे; दुसऱ्या मताप्रमाणे हिंगणी येथील पाटीलकीचे, म्हणून ‘हिंगणीकर भोसले’. पहिल्या मताला जुन्या इंग्रजी इतिहासकारांचा आधार आहे. देऊर पुढेही घराण्याकडे राहिले, आणि १८५७ नंतर इंग्रजांनी नागपूरच्या वारसाला जी पदवी दिली तीही देऊरच्याच नावाने. तरी घराण्याने स्वतःला हिंगणीकर म्हणवून घेणे हा पुरावा अधिक वजनाचा वाटतो. देऊरशी संबंध नंतरच्या इनामातून घट्ट झाला असावा. शिवछत्रपतींच्या भोसले कुळाशी नाते जोडणाऱ्या वंशावळी उत्तरकालीन आहेत. त्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही.

‘सेनासाहेबसुभा’ हे पद घराण्यात कधी आले, हाही वादाचा मुद्दा आहे. छत्रपती राजारामांनी १६९९ च्या सुमारास या घराण्यातील परसोजी भोसल्याला वऱ्हाड-गोंडवनातील वसुलीच्या हक्कासह ते दिले, असे बरेच जण मानतात. काहींच्या मते खरी सनद १७०७ नंतरची, शाहूंची. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूंना येऊन मिळणाऱ्या पहिल्या मोठ्या सरदारांत परसोजी होता. शाहू तोतया नाहीत हे दाखवण्यासाठी तो त्यांच्याबरोबर एका ताटात जेवला, अशी हकीकत आहे. राजारामांनी दिलेले शाहूंनी कायम केले असे धरल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो.

परसोजीनंतर पद त्याचा मुलगा कान्होजी याच्याकडे आले. त्याचे ठाणे यवतमाळच्या दक्षिणेस भाम येथे होते. रघूजी हा या घराण्यातील बिंबाजीचा मुलगा. त्याचे बालपण वाईजवळ पांडववाडीस गेले. रामभक्त कोल्हटकरांच्या आशीर्वादाने मूल झाले म्हणून रघूजी हे नाव ठेवले, अशी परंपरा आहे. पुढे भास्करराम कोल्हटकर त्याचा उजवा हात झाला, त्यामुळे ती अगदीच निराधार नसावी. तरुणपणी तो भामला चुलत्याजवळ, म्हणजे कान्होजीजवळ राहिला. तिथे बिनसल्यावर थोडे स्वार घेऊन तो आधी देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्याकडे, मग एलिचपूरच्या नवाबाकडे आणि शेवटी साताऱ्यास गेला. शिकारीत वाघ मारून त्याने शाहूंची मर्जी संपादली म्हणतात. राणी सगुणाबाईंच्या माहेरच्या नात्यातील मुलीशी झालेले लग्न त्याहून अधिक उपयोगी पडले असावे.

कान्होजी वसुलीचा हिशेब साताऱ्याला वेळेवर पोचवत नव्हता. म्हणून त्याला काढून पद रघूजीला द्यायचे ठरले. या वेळी रघूजीने लिहून दिलेल्या अटी पुढच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली आहेत. राज्याच्या चाकरीसाठी ५,००० घोडा कायम बाळगायचा; दरसाल ९ लाख रुपये भरायचे; घासदाणा सोडून बाकी खंडणी व लूट यांचा अर्धा भाग सरकारात जमा करायचा; आणि हुकूम होईल तेव्हा १०,००० घोडा उभा करून पेशव्याबरोबर किंवा सांगतील तिकडे जायचे.

यातला ‘घासदाणा सोडून’ हा तुकडा महत्त्वाचा आहे. शाहूंच्या दरबारी चौथाईची वाटणी ठरलेली होती. गावाची जमा १,००० रुपये धरली तर चौथाई २५० रुपये. तीतून राजबाबती (छत्रपतींचा वाटा) ६२ रुपये ८ आणे, सहोत्रा (पंतसचिवाचा वाटा) १५ रुपये, नाडगौडा (छत्रपतींच्या मर्जीने द्यायचा वाटा) ७ रुपये ८ आणे, आणि सरदाराला मोकासा १६५ रुपये. सरदेशमुखीचे १०० रुपये वेगळे. म्हणजे चौथाईत सरदाराचे हात बांधलेले असत. घासदाणा हा मुळात फौजेच्या घोड्यांच्या चाऱ्या-चंदीसाठी घ्यायचा पैसा. तो सेनासाहेबसुभ्याने स्वतःकडे ठेवायचा अशी राजारामांच्या काळापासूनची रीत होती. त्याचा हिशेब साताऱ्याला द्यावा लागत नसे. साहजिकच वसुलीचा जोर इथेच पडे. फौज जितकी फिरेल तितका घासदाणा, आणि घासदाणा जितका येईल तितकी फौज, असे हे चक्र होते. फौज एका जागी बसली की खर्च अंगावर येई.

वणीजवळ मंदर येथे रघूजीने कान्होजीचा पराभव करून त्याला पकडले. ही लढाई १७३० च्या मागेपुढे झाली. साधने एकदोन वर्षांनी इकडेतिकडे जातात. कान्होजीचे उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेले.

वऱ्हाडात यानंतर निजामाचा अंमल आणि भोसल्यांची वसुली एकाच गावात शेजारी शेजारी चालू लागली. या दोअमलीत दोन्हीकडचे कमाविसदार (वसुली करणारे अधिकारी) एकाच खळ्याकडे डोळे लावून असत. वऱ्हाडातल्या गढ्यांचा उपयोग अशा वेळी कळतो. पांढऱ्या मातीची, तळाशी रुंद व वर निमुळती होत जाणारी भिंत आणि कोपऱ्यांना बुरूज असे त्यांचे रूप असे. स्वारी आली की धान्य, गुरे व बायकापोरे आत घेत. गढीपुढे स्वार अडखळे, तोफ आली की मात्र तिचा निभाव लागत नसे. त्याहून मोठा शत्रू पाऊस. दरसाल लिपण झाले नाही तर पाणी वरून मुरते आणि भिंत उभी चिरते. आज अनेक ठिकाणी गढी खणून तीच माती धाब्यांवर टाकलेली दिसते.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर (१७३८ च्या सुमारास) वली शाहने देवगडची गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानाची राणी रतनकुंवर हिने रघूजीला बोलावले. त्याने पाटणसावंगी व भंडाऱ्याकडे लढून वली शाहला पकडले आणि राणीच्या दोन मुलांना गादीवर बसवले. मोबदल्यात त्याला मोठी रक्कम व काही मुलूख मिळाला. पुढे बुऱ्हाण शाह व अकबर शाह या भावांत फाटले. १७४३ च्या सुमारास रघूजीने बुऱ्हाण शाहला नाममात्र राजा ठेवून कारभार हाती घेतला आणि नागपूर हे ठाणे केले. रामटेकच्या मंदिराची पुनःप्रतिष्ठा याच काळातली सांगतात. चांद्याचे गोंड राज्य १७५१ च्या सुमारास त्याच्याकडे आले.

कर्नाटकच्या मोहिमेत फत्तेसिंग भोसले त्याच्याबरोबर होता. २० मे १७४० रोजी दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि दोस्त अलीचा जावई चंदासाहेब कैदी झाला. थोरला बाजीराव वारल्याने रघूजी मधल्या काळात साताऱ्यास जाऊन आला, पण बारामतीचा सावकार बाबूजी नाईक याला पेशवाई मिळवून देण्याचा त्याचा बेत फसला.

बंगालची मोहीम भास्कररामाने सुरू केली. वाटेत रतनपूरच्या हैहय राजाला त्याने नमवले. एप्रिल १७४२ मध्ये बर्दवानजवळ नवाब अलीवर्दीखान थोड्या फौजेनिशी कोंडीत सापडला होता. भास्कररामाने आधी १० लाख मागितले, नंतर एक कोट रुपये व सगळे हत्ती. तेवढ्यात नवाब लढत लढत कटव्याला निसटला. पावसाळ्यापूर्वी परतायचा रिवाज भास्कररामही पाळणार होता. मराठ्यांना येऊन मिळालेला बंगालचा सरदार मीर हबीब याच्या सल्ल्याने तो थांबला. इथेच गणित चुकले. भागीरथीच्या दुथडी पुरात घोडदळाचा वेग संपला. नावा थोड्या, भारी तोफखाना नाही. कटव्याजवळ दुर्गापूजेच्या उत्सवात छावणी असताना अलीवर्दीने रात्री अजय नदीवर नावांचा पूल बांधला. अंधारात मधली नाव बुडून त्याचे बरेच लोक वाहून गेले, तरी पलीकडे पोचलेल्यांनी २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे छापा घातला. मराठे सामान टाकून पळाले.

१७४३ मध्ये रघूजी स्वतः बंगालवर गेला, तर नानासाहेब पेशवा अलीवर्दीच्या बाजूने उतरला. ३१ ऑगस्ट १७४३ रोजी शाहूंनी दोघांची क्षेत्रे वाटून दिली. बंगाल व ओडिशा रघूजीकडे राहिले. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे तहाच्या बोलणीसाठी तंबूत बोलावून अलीवर्दीने भास्करराम व २१ सरदारांना ठार केले. रघूजीने पुन्हा स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई ठरली. ओडिशाही हाती आला. या दहा वर्षांत बंगालच्या गावांची जाळपोळ, लूट व स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने समकालीन बंगाली काव्यात आहेत आणि ती खोटी ठरवण्याचे कारण दिसत नाही. ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. त्यावरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतात अजून आहे.

रघूजीला जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी असे चार मुलगे. थोरल्या बायकोचा मुलगा मुधोजी, वयाने थोरला जानोजी. त्यामुळे वारसाचा तंटा झाला. पेशव्याने सेनासाहेबसुभा हे पद जानोजीला व सेनाधुरंधर हा किताब मुधोजीला दिला. मुधोजीकडे चांदा, बिंबाजीकडे छत्तीसगड व साबाजीकडे दारव्हा गेले.