मीटर बिघडलेला नाहीये!

ओळखीतल्या एका काकूंचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, गॅस्ट्रिक बायपास. सहाव्या दिवशी त्यांचा फोन. "अरे, वजन जेमतेम तीन किलो उतरलंय आणि शुगर मात्र नॉर्मल दाखवतंय, डॉक्टरांनी इन्सुलिनपण जवळपास बंद केलं, मीटर बिघडलाय का बघ."

मीटर ठणठणीत होता. पण तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण बहुतेकांना हे ऑपरेशन म्हणजे मोठी पिशवी कापून छोटी केली, माणूस कमी खातो, बारीक होतो, संपलं, असंच वाटतं. एवढंच असतं तर वजनाच्या आधी शुगर कशी उतरली? काकूंचीच केस वेगळी असंही नाही. 1995 मध्ये अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी आपल्या बायपासच्या पेशंटचा हिशोब मांडला, त्यात टाइप 2 डायबिटीस असलेल्या 146 पैकी 121 जणांची शुगर नॉर्मल झाली होती, आणि बऱ्याच जणांची वजन फारसं हलायच्या आतच.

आता जठर म्हणजे नुसती पिशवी नाही. त्याच्या खालच्या तोंडाला पायलोरस नावाची झडप असते, आणि ती फार कंजूस. तुम्ही दहा मिनिटांत ताट संपवलंत तरी ती अन्न थोडं थोडं करूनच पुढे सोडते, साधारण मिनिटाला दोन-तीन कॅलरी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिटुकली पिशवी ठेवतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत बरं का, ते आतच असतं, पाचक रस बनवतं आणि ते रस पुढे जाऊन अन्नाला भेटतात. पण अन्नाची आणि त्या कंजूस झडपेची गाठच पडत नाही. घास गेला की थोड्या वेळात आतड्यात हजर, तेही नेहमीच्या जागेच्या बऱ्याच पुढे.

आणि तिथे, पुढच्या आतड्यात, एल नावाच्या हॉर्मोन सोडणाऱ्या पेशी जास्त दाटीने बसलेल्या असतात. एरवी त्यांच्यापर्यंत अन्न पोचतं ते बहुतेक सगळं शोषून झाल्यावर, उरलंसुरलं. आता अचानक भरलेलं ताट समोर! मग त्या जीएलपी-1 नावाचं हॉर्मोन सोडतात, आधीपेक्षा कित्येक पट जास्त. हे हॉर्मोन स्वादुपिंडाला सांगतं की साखर येतेय, इन्सुलिन काढ, आणि मेंदूला सांगतं की पुरे आता. आतडं स्वादुपिंडाशी बोलतं याचा पुरावा 1964 पासूनचा आहे: तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी येतं, तोंडाने दिलं तर जास्त. याला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात, त्यात जीआयपी नावाचं अजून एक हॉर्मोन आहे जे आतड्याच्या सुरुवातीच्या के पेशींमधून येतं आणि टाइप 2 मध्ये त्याचा परिणाम फार मंदावलेला असतो, जीएलपी-1 चा मात्र बऱ्यापैकी टिकून असतो, म्हणून सगळा खेळ त्याच्यावर. अडचण एवढीच की रक्तातला डीपीपी-4 हा एन्झाइम त्याला दोन-एक मिनिटांत मोडून टाकतो. हल्ली गाजणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं म्हणजे याच हॉर्मोनची आठवडाभर टिकणारी नक्कल.

अर्थात पहिल्या आठवड्यातलं सगळं श्रेय जीएलपी-1 ला देऊ नका. तेव्हा पोटात जातंच इतकं कमी की लिव्हर काही दिवसांतच साखर ओतायची कमी करते. पण गोळ्या-इन्सुलिनचा डोस मात्र डॉक्टरांनीच कमी करायचा, मीटर बघून आपण नाही.

स्लीव्ह म्हणजे वजन कमी करायचं दुसरं ऑपरेशन, त्याचं गणित थोडं वेगळं. त्यात झडप राहते, पण जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात, आणि भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः त्याच भागातून येतं. हे घ्रेलिन सापडलं 1999 मध्ये, जपानात. गंमत अशी की नुसत्या डाएटने वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, म्हणजे शरीर भूक वाढवून गेलेलं वजन परत मागतं. स्लीव्हनंतर ते उलट कमी होतं. त्यामुळे "तोंडावर ताबा ठेवला असता तर ऑपरेशन लागलं नसतं" म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं, आणि सात दिवसांत चरबी वितळवणारा काढा विकणाऱ्यांनी तर नक्कीच.

या भरभर पोचण्याची दुसरी बाजू म्हणजे डम्पिंग. गोड काही खाल्लं की दाट साखर एकदम आतड्यात उतरते, ती रक्तातलं पाणी आतड्यात ओढते, आणि दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब, आडवं पडावंसं वाटतं. बायपासवाल्यांना हे जास्त. काकूंना एकदाच झालं, नंतर गोडाकडे बघितलंसुद्धा नाही. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी शुगर एकदम खाली जाण्याचा प्रकार वेगळा, तो सहसा वर्षभरानंतर डोकं वर काढतो.

खाण्याचं वेळापत्रक तुमची टीम देतेच: आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीसारखं पण चिमूटभर. प्रोटीन आधी, दिवसाला 60 ते 80 ग्रॅम, पाणी दिवसभर घोट घोट आणि जेवणासोबत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा दुसरा फोन. काटा हलत नाही! हे इतक्या जणांना होतं की घाबरायचं कारणच नाही. सुरुवातीला भराभर उतरतं त्यात बरंच पाणी असतं, कारण लिव्हर आणि स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरलं जातं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन-चार ग्रॅम पाणी जातं. ते संपलं की चरबीची पाळी, आणि चरबी सावकाश जाते.

घाबरायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या दिवसांत ताप, नाडी 120 च्या वर, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारं दुखणं, पोटरी सुजणं, धाप लागणं, यातलं काही असेल तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. आणि सतत उलट्या होत असतील तर "अॅसिडिटी असेल" म्हणून बसू नका, कारण बी1 जीवनसत्त्वाचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांचाच असतो, तो संपला की डोळ्यांची हालचाल, चालण्याचा तोल आणि स्मरणशक्ती, सगळ्यावर घाला येतो.

तिसरा फोन चौथ्या महिन्यात, कंगव्यात केसांचा पुंजका. ऑपरेशन आणि उपासमारीच्या धक्क्याने खूपसे केस एकदम विश्रांतीत गेले होते, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे गळती आज दिसत असली तरी तारीख ऑपरेशनची आहे. तेल बदलून तो हिशोब बदलत नाही. प्रोटीन, लोह आणि झिंक तेवढं तपासून घ्यायला सांगितलं. लोह कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि आठव्या महिन्यात कपाळाजवळ बोटभर नवे केस उभे राहिले, जे काही केल्या बसत नाहीत ही त्यांची सध्याची तक्रार.