लायब्ररीतील प्रलंबित बगांची हाताळणी

वापरात असलेल्या मुक्त स्रोत लायब्ररीत (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) बग आहे, पण तिच्या मूळ प्रकल्पाकडून, म्हणजे अपस्ट्रीमकडून, दुरुस्त आवृत्ती अजून आलेली नाही. अशा वेळी वापरणाऱ्याने आपल्या बाजूने करायची ही तजवीज. बहुतेक मुक्त परवाने कसलीही हमी देत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीवर हक्क सांगता येत नाही.

आधी बग वेगळा काढावा: फक्त ती लायब्ररी वापरणारा दहा-वीस ओळींचा नमुना पुरतो. तो लिहिताना बरेचदा चूक आपलीच निघते. जुन्या आवृत्तीत बग नसेल, तर लॉकफाइलमध्ये, म्हणजे कोणती आवृत्ती घ्यायची हे नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, ती पक्की करणे सर्वांत सोपे. मात्र मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात. सदोष फंक्शनभोवती आपले फंक्शन गुंडाळून भागले, तर लायब्ररीला हात लावूच नये.

नाहीच भागले तर पॅच, म्हणजे लायब्ररीच्या कोडमध्येच आपण केलेला छोटा बदल. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये ‘पॅच-पॅकेज’ हे साधन बदल ‘पॅचेस’ फोल्डरमध्ये साठवते आणि पोस्टइन्स्टॉलच्या वेळी, म्हणजे पॅकेजेस बसवून झाल्यावर, पुन्हा लावते. फसगत होते ती डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बांधणाऱ्या साधनात): इन्स्टॉलआधी तो फोल्डर कॉपी करायचा राहतो, बिल्ड मुकाट्याने पार पडते आणि बग जागच्या जागी. लायब्ररीच्या जागी दुसरी प्रत किंवा आवृत्ती वापरायला लावणाऱ्या सोयी, म्हणजे गो भाषेतले ‘रिप्लेस’, कार्गो या रस्टच्या पॅकेज साधनातले ‘पॅच’ आणि एनपीएम या नोडच्या पॅकेज साधनातले ‘ओव्हरराइड्स’, फक्त सर्वांत वरच्या प्रकल्पात चालतात. म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने ते वापरले, तरी तिच्या ग्राहकांपर्यंत दुरुस्ती पोचत नाही.

पॅच काढायची वेळ आली हे कळायलाही सोय हवी. पायटेस्ट या पायथनच्या चाचणी साधनात मूळ लायब्ररीवर चालणारी चाचणी ‘एक्सफेल’ (नापास होणे अपेक्षित) म्हणून, ‘स्ट्रिक्ट’ (पास झाल्यास अपयश धरा) लावून ठेवावी. अपस्ट्रीमने बग सोडवला की ती अनपेक्षितपणे पास होते आणि म्हणूनच बिल्ड अडवते.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचा सुरक्षा दोष उघड झाला, तेव्हा लुकअप (नोंदीच्या मजकुरातील संदर्भ उलगडणे) बंद करण्याची सेटिंग अपुरी ठरली. ज्यांना लगेच नवी आवृत्ती घेता येईना, त्यांनी लायब्ररीच्या जार फाइलमधून ‘जेएनडीआयलुकअप’ हा क्लासच काढून टाकला. उलट बाजूचे उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचे. मेमरी तपासणाऱ्या साधनाची कुरकुर थांबवायला २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतील ओळी स्थानिक पॅचने गाळल्या गेल्या. यादृच्छिकतेसाठी उरला तो केवळ प्रोसेस क्रमांक, जेमतेम ३२,७६८ शक्यता. तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या आणि हे उघडकीस आले २००८ मध्ये. डेबियनच्या पॅच-शीर्षकाच्या नमुन्यात ‘फॉरवर्डेड’ अशी एक ओळ असते: बदल अपस्ट्रीमला पाठवला असल्यास त्याचा दुवा, नसल्यास ‘नो’, गरजच नसेल तर ‘नॉट-नीडेड’.