ब्रोकर दाद देत नाही? सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार कशी करायची: पात्रता, कागदपत्रं, मुदती

ब्रोकरने न विचारता ट्रेड मारले, म्युच्युअल फंडाचं रिडेम्प्शन (पैसे परत काढणं) अडकलंय, लिस्टेड कंपनीचा डिव्हिडंड आलाच नाही, वर्षाची फी घेतलेला ॲडव्हायजर आता फोन उचलत नाही, अशा भानगडीत जायची जागा म्हणजे सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, स्कोअर्स हे ऑनलाईन तक्रार पोर्टल. 2011 पासून चालू आहे, 1 एप्रिल 2024 पासून नवं स्कोअर्स 2.0 आलंय. सेबी एक रुपयाही फी घेत नाही, तेव्हा "तक्रार टाकून देतो, दोन हजार द्या" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आधी बघायचं ते हे की समोरचा माणूस किंवा कंपनी सेबीकडे रजिस्टर आहे का, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. सेबीच्या वेबसाईटवर यादी असते, नंबरवरूनही कळतं, ब्रोकरचा आयएनझेडने सुरू होतो, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजरचा आयएनए, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच. पण नुसता नंबर बघून खूश होऊ नका, दुसऱ्याचा खरा नंबर स्वतःच्या टेलिग्राम चॅनलवर चिकटवणारे महाभाग कमी नाहीत, त्यामुळे यादीतलं नाव, पत्ता, ईमेल सगळं जुळवून बघा. "महिन्याला 5 टक्के फिक्स" म्हणून पैसे घेणारा कुणी अनरजिस्टर्ड असेल तर स्कोअर्सवर त्याचं नाव निवडायलाच सापडणार नाही, तिथे पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, आणि ऑनलाईन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन. महाराष्ट्रात ठेवी घेऊन बुडवणाऱ्यांसाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे. पतसंस्थेचं प्रकरण सहकार खात्याकडे, बँकेचं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, इन्शुरन्सचं विमा लोकपालाकडे. सेबीकडे टाकून उपयोग नाही, दिवस फुकट जातात.

आता कुणाला तक्रार करता येते ते. पॅन असलेला कुठलाही गुंतवणूकदार. पण थेट सेबीकडे उडी मारायची नाही, आधी त्या ब्रोकरला किंवा कंपनीला लेखी कळवायचं, आणि लेखी म्हणजे ईमेल, कस्टमर केअरला तासभर होल्डवर थांबलो हा काही पुरावा नव्हे. त्यांनी नाकारलं, उत्तरच दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर मग स्कोअर्स. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत यायचं ही अट आहे आणि लोक नेमके इथेच राहतात, कारण ब्रोकरचा माणूस "साहेब बघतो, पुढच्या आठवड्यात करतो" म्हणत महिने काढतो आणि आपण भिडेखातर गप्प बसतो. कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत. शेअर पडला म्हणून तोटा झाला ही तक्रार होत नाही, तोट्याच्या मागे न विचारता केलेला व्यवहार किंवा खोटं आश्वासन असेल तर होते.

कागदपत्रांत पॅन, जन्मतारीख, मोबाईल आणि ईमेल रजिस्ट्रेशनलाच लागतात, हे केवायसीमधल्या माहितीशी जुळलेलं बरं. बाकी प्रकरणानुसार. ब्रोकर असेल तर क्लायंट कोड, काँट्रॅक्ट नोट (व्यवहाराची पावती), लेजर (ब्रोकरकडच्या खात्याचा हिशोब), बँक स्टेटमेंट आणि एक्स्चेंजकडून, म्हणजे शेअर बाजाराकडून, आलेले ट्रेडचे एसएमएस, हे एसएमएस डिलीट करू नका हो, न विचारता झालेल्या ट्रेडच्या प्रकरणात तेच कामाला येतात. शेअर गायब झाले असतील तर डिमॅट नंबर आणि एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या संस्थेचं स्टेटमेंट. फंड असेल तर फोलिओ नंबर, ॲडव्हायजर असेल तर करार आणि फीची पावती. व्हॉट्सॲप चॅटचे स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसेल असे घ्या. आणि तुम्ही आधी पाठवलेली ती ईमेल, ती विसरून चालत नाही.

लॉगिन केलं की कॅटेगरी, संस्थेचं नाव, तक्रारीचा प्रकार निवडायचा आणि मजकूर लिहायचा. इथे राग काढू नका. "हे चोर आहेत, माझं आयुष्य उद्ध्वस्त केलं" हे खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यातून काही सापडत नाही. अमुक तारखेला अमुक शेअरचा ट्रेड झाला, मी ऑर्डर दिली नव्हती, इतके रुपये गेले, अमुक तारखेला ईमेल केली, उत्तर आलं नाही, मला इतके रुपये परत हवेत, बस. काय हवंय ते आकड्यात लिहिलं नाही तर समोरचा "ग्राहकाशी चर्चा केली" एवढंच लिहून मोकळा होतो.

तक्रार आपोआप त्या संस्थेकडे जाते आणि त्यांनी 21 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर ती आपोआप वरच्या पायरीवर जाते, म्हणजे ब्रोकरसाठी एक्स्चेंज, फंडासाठी ॲम्फी (म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना) अशा नेमलेल्या संस्थेकडे. उत्तर आलं पण पटलं नाही तर 15 दिवसांत रिव्ह्यू मागायचा, तो पहिला रिव्ह्यू. तोही पटला नाही तर पुन्हा 15 दिवसांत दुसरा, हा सेबी स्वतः बघते. हे 15 दिवस फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, गप्प राहिलात तर समाधानी आहात असं धरून तक्रार बंद होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या, सेबी इथे न्यायाधीश नाही. उत्तर द्यायला भाग पाडते, नियम मोडला असेल तर वेगळी कारवाई करू शकते, पण तुमचा न् ब्रोकरचा पैशाचा वाद निकाली काढून रक्कम हातात ठेवणं हे स्कोअर्सचं काम नाही. त्यासाठी 2023 मध्ये आलेलं स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाईन वाद मिटवायचं, पोर्टल आहे. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, साधारण 21 दिवसांत, आणि नाही जमलं तर लवाद, सगळं ऑनलाईन. लवादाला रकमेनुसार फी पडते, तेव्हा रक्कम किती आहे ते बघून ठरवा. स्कोअर्सवर तक्रार चालू असताना ओडीआरला गेलात तर स्कोअर्सवरची तक्रार निकाली धरली जाते, म्हणून एका वेळी एकच.

फॉर्म भरताना कुठे अडलात तर सेबीची टोल-फ्री हेल्पलाईन 1800 22 7575, मराठीतही बोलतात. तक्रारीचा नंबर जपून ठेवा, स्टेटस त्यावरच दिसतं, आणि "तुमची तक्रार सेटल करायची आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ कट करा.