पुंगळीचं आयुष्य तिच्या बुडाशी

रायफलमधून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उलटी धरा आणि तिच्या बुडाकडे पाहा. मधोमध एक गोल टिकली दिसेल आणि तिच्यावर फायरिंग पिनच्या टोकाने पाडलेला खळगा. ही टिकली म्हणजे प्रायमर. पिन आदळली की त्यातलं स्फोटक पेटतं, ज्योत एका बारीक भोकातून आत जाते आणि दारू पेट घेते. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर निकामी होतो. पितळेची पुंगळी तेवढी शिल्लक राहते.

अमेरिकेत आणि युरोपातल्या अनेक देशांत लांब पल्ल्याचे नेमबाज ही पुंगळी फेकत नाहीत. नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी घालून ती पुन्हा वापरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हा घरी करायचा उद्योग नाही.) चांगली पुंगळी महाग असते. मग ती किती वेळा भरता येईल हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर बरंचसं त्या टिकलीच्या आकारात आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हा धातू ठोकला, ताणला, दाबला की कडक होत जातो. तापवला की पुन्हा मऊ होतो. पुण्यातल्या तांबट आळीत हे विज्ञान पिढ्यान् पिढ्या हातात आहे. भांडं घडवताना पत्रा कडक झाला की तो भट्टीत तापवून मऊ करायचा, आणि शेवटी मठारकाम करायचं. तांब्याच्या हंड्यावर चमकणारे ते मठाराचे ठोके शोभेसाठी आहेत असं वाटतं, पण त्यांनीच भांड्याला बळकटी येते.

पुंगळीच्या मानेचं, म्हणजे गोळी जिथे बसते त्या तोंडाकडच्या अरुंद भागाचंही असंच होतं. प्रत्येक बाराला ती फुगते, पुन्हा भरण्याआधी साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणतात. असं करता करता ती कडक होते आणि एक दिवस चिरते. यावर उपाय आहे: मान तेवढी बेताने तापवायची. काही नव्या पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच तापवण्याची खूण. बुडाला मात्र हा उपाय कधीच करायचा नाही. कारखान्यात बूड जोराने दाबून मुद्दाम कडक केलेलं असतं. ते मऊ झालं तर पुढच्या बाराला फाटू शकतं आणि तापलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

पुंगळीच्या भिंतींना सगळीकडून रायफलच्या पोलादाचा आधार मिळतो. बुडाचा शेवटचा भाग मात्र थोडा बाहेर राहतो. पाठीमागे बोल्ट, म्हणजे काडतुसामागे घट्ट बसणारा पोलादी दट्ट्या असतो, पण बाजूने आधार नसतो. तिथे पितळाला स्वतःच्या बळावर टिकावं लागतं. ६.५ क्रीडमूर या लोकप्रिय काडतुसासाठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दोन हजार पट. सोनार खड्यासाठी करतो तसं प्रायमरचं घर बुडात घट्ट बेतलेलं असतं, प्रायमरपेक्षा काही शतांश मिलिमीटर लहान. दाबाने हे घर ताणलं जातं. ताण मर्यादेत असेल तर पितळ मूळ जागी परततं. मर्यादा ओलांडली की किंचित पसरलेलंच राहतं. असे किंचित किंचित साठत जातात.

आता मापं पाहू. मोठ्या रायफल प्रायमरचा व्यास सुमारे ५.३ मिलिमीटर, लहानाचा ४.४५. ६.५ क्रीडमूरच्या बुडाला जिथे खाच असते तिथे बाहेरचा व्यास साधारण १०.४ मिलिमीटर. म्हणजे मोठ्या घराभोवती अडीच मिलिमीटर पितळ उरतं, लहान घराभोवती तीन. अर्धा मिलिमीटर क्षुल्लक वाटतो, पण जाड भिंतीच्या नळीचं साधं सूत्र लावलं तर घराच्या आतल्या कडेवरचा ताण सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. खरं बूड म्हणजे साधी नळी नव्हे, तरी दिशा हीच. लहान घराची खोलीही थोडी कमी असते, आणि लापुआ या फिनलंडच्या कंपनीच्या अशा पुंगळ्यांत ज्योतीचं भोकही २ ऐवजी १.५ मिलिमीटरचं असतं. बुडात पितळ त्यामुळे आणखी उरतं.

६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नाडी या अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये आणलं ते मोठ्या प्रायमरसह. लापुआने त्याची पुंगळी काढली ती लहान प्रायमरची. मूळ कल्पना मात्र त्याआधीची. १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो हे शल्यचिकित्सक आणि फेरिस पिंडेल हे कारागीर यांनी अचूक नेमासाठी बनवलेल्या पीपीसी काडतुसांतही लहान प्रायमर आणि लहान भोकच होतं.

लहान प्रायमरची किंमतही मोजावी लागते. त्यात स्फोटक कमी, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सावकाश जळणारी दारू उशिरा पेटते, कधी पेटतच नाही. शिवाय सगळंच आकारावर नसतं. बुडाचं पितळ मऊ असेल तर लहान घराची पुंगळीही कडक बुडाच्या मोठ्या घराच्या पुंगळीआधी बाद होईल. आणि मला सर्वांत घातक वाटतो तो समज म्हणजे, बूड मजबूत आहे तर दारू थोडी जास्त चालेल. घर सैल होणं हा दाब वाढल्याचा इशाराही असतो. मजबूत बुडात तो उशिरा मिळतो, पण रायफलवरचा दाब तितकाच असतो.

इशारा कळतो तो हाताला. घर चांगलं असेल तर प्रायमर बसवताना अवजाराच्या दांडीला ठाम अडथळा जाणवतो. घर पसरलेलं असेल तर प्रायमर अलगद आत सरकतो, आणि झाडल्यावर त्याच्या कडेने काजळीचं काळं कडं उमटतं. जाणता नेमबाज ती पुंगळी बाजूला काढतो, पकडीने तिचं तोंड चेपून टाकतो, म्हणजे चुकूनही ती पुन्हा कोणी भरणार नाही.