फायर अलार्म बसवला म्हणजे पीएजीए झालं, असं नसतं

‘फायर अलार्म / पीएजीए – १ सेट.’ केमिकल प्लांटच्या टेंडरमध्ये ही ओळ दिसली की डोक्यात तिडीक जाते. मधल्या त्या तिरक्या रेघेने दोन वेगळ्या यंत्रणा एकाच पोत्यात कोंबल्या जातात. मग खरेदी विभाग स्वस्त पडणारी घेतो आणि दुसरी ‘त्यातच आली’ म्हणून फाइल बंद करतो.

फायर अलार्म सगळ्यांना माहीत आहे: स्मोक आणि हीट डिटेक्टर, काच फोडून दाबायचे एमसीपी (मॅन्युअल कॉल पॉईंट), पॅनेल, हूटर. पीएजीए म्हणजे पब्लिक अ‍ॅड्रेस आणि जनरल अलार्म, म्हणजे स्पीकरवरून सगळ्या प्लांटला इशारा आणि सूचना देणारी यंत्रणा. त्यात अ‍ॅम्प्लिफायर, प्लांटभर लावलेले हॉर्न स्पीकर, माइक स्टेशन आणि गोंगाटाच्या जागी बीकन, म्हणजे लुकलुकणारे दिवे असतात, कारण कॉम्प्रेसर हाउसमध्ये कानावर मफ लावलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. मोठ्या प्लांटमध्ये ए आणि बी अशा दोन साखळ्या टाकतात. एक तुटली तरी एकाआड एक स्पीकर चालू राहतात. केबल, लूप, बॅटरीचा तपशील कुठलाही बरा व्हेंडर सांगेल.

गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. धूर दिसला की डिटेक्टर कोणाला न विचारता पॅनेलला कळवतो. जनरल अलार्म मात्र बहुतेक वेळा माणसाने द्यायचा असतो, आणि लोकांनी काय करायचं तेही माणसानेच सांगायचं असतं. आगीच्या मॉक ड्रिलने एकच सवय लागते: हूटर वाजला की असेंब्ली पॉईंट, म्हणजे जमायची ठरलेली जागा गाठायची. वायुगळतीत तोच पॉईंट वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला असला तर आपण माणसांना थेट वायूत पाठवतो. ‘अमोनिया गळती, वारा पश्चिमेकडून, २ नंबरच्या पॉईंटला या’ हे हूटरला सांगता येत नाही. त्यासाठी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघणारा आणि माइक हातात घेणारा माणूस लागतो.

तो माणूस ठरलेला नसेल तर काय होतं? ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली. सायरन चालू करण्याच्या ३६ जागा होत्या, त्यातली एक फाटकावर. चौकशी समितीच्या अहवालानुसार सायरन वाजवलाच गेला नाही. भोपाळमध्ये तर कारखान्याच्या आतला अलार्म आणि वस्तीसाठीचा सायरन १९८२ मध्येच एकमेकांपासून वेगळे केले होते. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत म्हणून. १९८४ च्या त्या रात्री वस्तीचा सायरन थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. दोन्हीकडे यंत्र होतं. कमी पडला तो माणसाचा निर्णय.

म्हणून माझं मत ठाम आहे: जनरल अलार्मचं बटण शिफ्ट इनचार्जच्या अखत्यारीत हवं, आणि ते दाबण्याआधी मॅनेजरला फोन करायची अट नको. खोटा अलार्म झाला तर चौकशी सकाळी करा.

कुठल्या टोनचा अर्थ काय याचं कोष्टक पाठ नसलं तरी एक लक्षात असू द्या. तेलउद्योगात ओआयएसडीच्या (ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट) संकेतांनुसार मोठ्या आगीला चढउताराचा सायरन २ मिनिटं. ‘धोका टळला’ आणि चाचणी, दोन्हींना सरळ सायरन २ मिनिटं. चाचणीचा वार म्हणूनच फाटकावर लिहून ठेवावा.

आणि कृपा करून पीएजीएच्या स्पीकरवरून वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि ‘अमुक नंबरची गाडी हलवा’ बंद करा. दिवसभर बडबडणाऱ्या स्पीकरकडे रात्री दोनला कोण लक्ष देणार? रेकॉर्ड केलेले संदेश फक्त इंग्रजीत ठेवणाऱ्यांचं तर मला नवलच वाटतं. टाकीवर चढलेला कंत्राटी कामगार बिहारचा किंवा ओडिशाचा असतो. आधी टोन, मग हिंदी, मग मराठी, आणि तेच पुन्हा एकदा.