होहोकाम गावांची मांडणी : नकाशापासून गणितापर्यंत

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागात, सॉल्ट आणि गिला या नद्यांच्या खोऱ्यांत, होहोकाम लोकांनी वाळवंटात कालवे खोदून इसवी सन १४५०च्या सुमारापर्यंत अनेक शतके शेती केली. गिलाकाठच्या स्नेकटाउन या होहोकाम गावात पुरातत्त्वज्ञ एमिल हॉरी यांनी १९३४-३५ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये केलेल्या उत्खननांत उथळ खड्ड्यांत बांधलेली लाकूड-मातीची असंख्य घरे उघडी पडली. नकाशावर ती विखुरलेली, कित्येक ठिकाणी एकमेकांवर चढलेली दिसत. त्यामुळे या गावाला ठरावीक आखणी नव्हती, असा समज रुजला.

१९८१ मध्ये पुरातत्त्वज्ञ डेव्हिड विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदी नव्याने तपासल्या, तेव्हा काही घरांची दारे एकाच सामाईक अंगणाकडे उघडतात, हे ध्यानात आले. माझ्या मते या अभ्यासाला खरे वळण इथे मिळाले, आणि तेही नवे उत्खनन न करता. मात्र डोळ्याला भासणारा पुंजका निव्वळ योगायोगानेही तयार होऊ शकतो. त्याची पारख करण्यासाठी पर्यावरणशास्त्रज्ञ क्लार्क व इव्हान्स यांची १९५४ची पद्धत उपयोगी पडते : प्रत्येक घरापासून सर्वांत जवळच्या घराचे अंतर मोजून त्याच्या सरासरीला यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडलेल्या, मांडणीत अपेक्षित असलेल्या सरासरीने भागायचे, उत्तर १पेक्षा बरेच कमी आले, तर घरे पुंजक्यांत आहेत. दारांच्या दिशांना मात्र साधी सरासरी चालत नाही, कारण १० आणि ३५० अंश या दोन्ही दिशा उत्तरेलगतच्या असूनही त्यांची सरासरी १८० अंश, म्हणजे थेट दक्षिण येते. त्यासाठी वर्तुळीय संख्याशास्त्र, म्हणजे दिशांना वर्तुळावरचे बिंदू मानणारे गणित, लागते.

सर्वांत कठीण प्रश्न काळाचा आहे. घरे अल्पायुषी होती आणि त्याच जागी पुन्हा बांधली जात, म्हणून नकाशावरच्या शेजाऱ्यांमध्ये शतकाचेही अंतर असू शकते. खापरांच्या शैली आणि चुलीच्या मातीत ती भाजताना गोठलेली पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची त्या वेळची दिशा यांवरून काळ ठरवून समकालीन घरे वेगळी काढल्याशिवाय अंतरे मोजण्यात अर्थ नाही.

१९८०च्या दशकात फिनिक्समधील महामार्गांच्या कामांमुळे ला सियुदादसारख्या होहोकाम वस्त्यांची विस्तृत उत्खनने झाली आणि मोजण्याजोगी सामग्री वाढली. पण खोदाई बहुधा रस्त्याच्या पट्ट्यापुरतीच होते. पट्ट्याच्या कडेला असलेल्या घराचा खरा शेजारी न खणलेल्या जमिनीखाली राहतो आणि मोजलेले अंतर वास्तवापेक्षा जास्त भरते. ही कडेची त्रुटी दुरुस्त केल्यावरच दोन गावांचे आकडे एकमेकांशेजारी मांडता येतात.